स्पर्धकाची वेबसाइट गूगलवर आपल्या वर का? स्वस्तापासून महागापर्यंत तपासण्या

तक्रार ठरलेली असते: माल आपला चांगला, दुकान आपलं जुनं, तरी गूगलवर समोरचाच वर. कोल्हापुरातल्या महाद्वार रोडचा चप्पलवाला असो, गुजरीतला सराफ असो की शिरोली एमआयडीसीतला फाउंड्रीवाला, शब्दसुद्धा फारसे बदलत नाहीत. पण या एका तक्रारीत अनेक वेगळे बिघाड असतात आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही. नकाशावर मागे असलेला माणूस वेबसाइट नव्याने बांधून घेतो आणि पैसे वाया घालवतो, ते याचमुळे. म्हणून आधी आपलं लक्षण कोणतं, ते ठरवा.

लक्षणं

- दुकानाचं नाव टाकलं की आपण पहिले येतो, पण ‘कोल्हापुरी चप्पल ऑनलाइन’ टाकलं की तिसऱ्या पानावरही नाही. गूगलला तुमची साइट माहीत आहे, अडचण पानातल्या मजकुरात आहे. चौथी आणि पाचवी तपासणी तुमच्यासाठी.
- नाव टाकूनही वेबसाइट येत नाही, फक्त फेसबुक पान आणि डिरेक्टरीतल्या नोंदी येतात. थेट तिसऱ्या तपासणीवर जा.
- वरच्या नकाशाच्या चौकटीत तो आहे, आपण नाही; खालच्या यादीत मात्र आपण बरे आहोत. दुसरी तपासणी.
- काल-परवापर्यंत वर होतो, एका ठरावीक तारखेनंतर एकदम खाली आलो. सहावी.
- सगळं नीट दिसतं, पानही चांगलं आहे, तरी वर्षानुवर्षं तो दोन-तीन घरं पुढेच. आठवी, आणि ती सगळ्यात चिवट.
- दुकानातल्या फोनवर आपण पहिले, पुण्याच्या पाहुण्याच्या फोनवर कुठेच नाही. हा बिघाड नाही. तरी पहिली तपासणी वाचा.
- क्रमांक तोच आहे, पण फोन कमी येतात. हा क्रमांकाचा प्रश्न नाही. वर जाहिराती वाढल्या असतील, गूगलने वरच एआयचा सारांश दिला असेल, नाहीतर हंगाम संपला असेल. गुळाची विचारपूस मे महिन्यात कमी झाली म्हणून वेबसाइटला दोष देऊ नका.

१. खरंच मागे आहात का?

वेळ पंधरा मिनिटं, खर्च शून्य. पहिल्यांदा समोरच्याच्या नावावर ‘प्रायोजित’ असं लिहिलंय का बघा. असेल तर ती जाहिरात आहे, तो प्रत्येक क्लिकचे पैसे मोजतोय. जाहिरात दिल्यामुळे खालच्या फुकटच्या यादीत कोणी वर जात नाही आणि बंद केल्यामुळे कोणी खाली येत नाही. त्याचे पैसे संपावेत म्हणून त्याच्या जाहिरातीवर क्लिक करत बसण्याचा उद्योगही सोडा. अशा क्लिक गूगल गाळतो.

दुसरं, स्वतःच्या फोनवर दिसणाऱ्या क्रमांकावर विश्वास ठेवू नका. इन्कॉग्निटो खिडकी तुमचा जुना इतिहास बाजूला ठेवते, पण तुम्ही कुठे उभे आहात ते लपवत नाही. राजारामपुरीत शोधलं तर एक यादी, कसबा बावड्यात शोधलं तर दुसरी, विशेषतः नकाशाच्या चौकटीत. गिऱ्हाईक जिथे आहे तिथला क्रमांक कामाचा. बाहेरगावी माल पाठवत असाल तर पुणे, मुंबई, बेळगाव इथल्या ओळखीच्या माणसांना तोच शब्द टाकून स्क्रीनशॉट पाठवायला सांगा.

खरं मोजमाप गूगल सर्च कन्सोलमध्ये, म्हणजे साइटमालकांसाठीच्या गूगलच्या साधनात, मिळतं. ते फुकट आहे आणि गेल्या १६ महिन्यांपर्यंतची माहिती ठेवतं. जोडलं नसेल तर बाकी सगळं थांबवून आधी ते जोडा. परफॉर्मन्सच्या अहवालात चार आकडे असतात: क्लिक, किती वेळा दिसलो, दिसल्यावर किती टक्के लोकांनी क्लिक केलं आणि सरासरी क्रमांक. यातला शेवटचा आकडा सगळ्यात फसवा. तुमच्या दुकानाच्या नावाला तुम्ही पहिले आणि ‘कोल्हापुरी साज’ला चाळिसावे असाल, तर सरासरी मधलाच कुठला तरी आकडा दाखवेल आणि तो कशालाच लागू होणार नाही. म्हणून गाळणी लावून आपलं नाव असलेले शोध वगळा आणि एकेक शब्द वेगळा पाहा.

तारखांची तुलना करतानाही दोन खड्डे टाळा. सप्टेंबर २०२५ मध्ये गूगलने एका पानावर शंभर निकाल मागवण्याची सोय बंद केली. त्यानंतर बऱ्याच साइटींचा ‘किती वेळा दिसलो’ हा आकडा पडला आणि सरासरी क्रमांक आपोआप सुधारल्यासारखा दिसला. प्रत्यक्षात गिऱ्हाइकाच्या बाजूने काहीच बदललं नव्हतं. आणि चपलांचा धंदा असेल तर जून-जुलै २०२५ ची तुलना इतर महिन्यांशी करू नका. मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाने कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्यावर जो गदारोळ झाला, त्यात नुसती बातमी वाचणाऱ्यांनीही हा शब्द शोधला.

या तपासणीच्या शेवटी कागदावर तीन गोष्टी हव्यात: नेमका एक शोधशब्द, त्या शब्दाला वर येणारं समोरच्याचं नेमकं पान आणि आपलं नेमकं पान. पुढची सगळी तुलना पानाविरुद्ध पान अशी करायची. ‘त्याची साइट आपल्या वर आहे’ या वाक्याला अर्थ नाही. कुठल्या शब्दाला, कुठलं पान, कुठल्या गावात, हे सांगता आलं तरच पुढे सरका.

२. नकाशाची चौकट

इथे वेबसाइटपेक्षा गूगल बिझनेस प्रोफाइल, म्हणजे नकाशावर दिसणारी तुमच्या धंद्याची नोंद, जास्त बोलतं. गूगल स्वतः तीन निकष सांगतो: शोधाशी संबंध, अंतर आणि धंद्याची प्रसिद्धी. अंतराला इलाज नाही. गिऱ्हाईक ताराबाई पार्कात उभं असेल आणि समोरच्याचं दुकान तिथेच असेल, तर गांधीनगरच्या दुकानाने कितीही धडपड केली तरी त्या शोधात तो पुढे राहणार. बाकीच्या दोन निकषांवर काम करता येतं.

सगळ्यात स्वस्त दुरुस्ती म्हणजे मुख्य वर्ग. आपल्याकडे मिसळीच्या दुकानालाही हॉटेल म्हणतात आणि तांबड्या-पांढऱ्याच्या खानावळीलाही. गूगलच्या यादीत मात्र ‘हॉटेल’ म्हणजे मुक्कामाच्या खोल्या. मिसळवाल्याने मुख्य वर्ग ‘हॉटेल’ निवडला की तो लॉजवाल्यांच्या यादीत जातो आणि ‘जवळची मिसळ’ शोधणाऱ्याला सापडायला अवघड होतो. ‘रेस्टॉरंट’ निवडा, आणि त्याखाली जास्त नेमका वर्ग मिळत असेल तर तो. सराफ, चांदीचा घाऊक व्यापारी, पैंजणांचा कारखानदार यांनाही हेच लागू. धंदा ज्यावर चालतो तो वर्ग मुख्य, बाकीचे दुय्यम.

मग पिन बघा. लक्ष्मीपुरीतल्या बोळांत पिन एक गल्ली सरकली तरी माणूस चुकतो, आणि चुकलेला माणूस अभिप्राय तसाच देतो. जुन्या जागेचं दुसरं प्रोफाइल तसंच पडून आहे का, तेही पाहा. असलं तर अभिप्राय दोन ठिकाणी विभागलेले असतात; ते नव्यात विलीन करण्यासाठी गूगलकडे विनंती करता येते.

प्रोफाइलवर दिलेली वेबसाइटची लिंक स्वतः दाबून पाहा. बऱ्याच छोट्या दुकानांनी प्रोफाइलमधूनच मिळणारी गूगलची फुकट वेबसाइट वापरली होती. त्या साइटी मार्च २०२४ मध्ये बंद झाल्या आणि जुन्या पत्त्यावरून प्रोफाइलकडे वळवण्याची सोयही १० जून २०२४ नंतर संपली. तोच मेलेला पत्ता अजून बिलबुकावर, कार्डावर आणि डिरेक्टरींत छापलेला आढळतो.

समोरच्याने नावातच ‘बेस्ट कोल्हापुरी चप्पल शॉप इन कोल्हापूर’ असं घुसडलं असेल तर त्याचा त्याला फायदा होतो, हे खरं. पण ते नियमाबाहेर आहे. प्रोफाइलचं नाव पाटीवर आहे तेवढंच हवं. ‘बदल सुचवा’ वापरून खरं नाव कळवा. नाही ऐकलं तर गूगलचा तक्रारीचा वेगळा फॉर्म आहे, तो भरा. त्याचं बघून आपणही तसंच करायचं मात्र नाही. प्रोफाइल निलंबित झालं की दिवाळीच्या तोंडावर कागदपत्रं आणि व्हिडिओ पाठवत बसावं लागतं.

अभिप्राय मागण्यात गैर काही नाही. काउंटरवर क्यूआर कोड ठेवा, बिल देताना सांगा, आलेल्या प्रत्येकाला उत्तर द्या. अभिप्रायाच्या बदल्यात सूट देणं मात्र नियमाविरुद्ध आहे.

३. गूगलकडे आपलं पान आहे का?

शोधाच्या चौकटीत इंग्रजी अक्षरांत साइट हा शब्द, त्याला चिकटून अपूर्णविराम (एकाखाली एक दोन टिंबं) आणि त्याला चिकटून आपलं डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, टाका. गूगलला माहीत असलेली पानं दिसतील. हा अंदाज झाला. पक्कं उत्तर हवं तर सर्च कन्सोलमध्ये यूआरएल इन्स्पेक्शनमध्ये पानाचा पूर्ण पत्ता टाका.

पान नाही असं उत्तर आलं तर वर्डप्रेसमध्ये आधी सेटिंग्ज, मग रीडिंग उघडा. तिथे सर्च इंजिनांना साइट नोंदवू नका असं सांगणारी एक चौकट असते. साइट बनवताना डिझायनर ती टिक करतो आणि साइट सुरू झाल्यावर काढायची राहून जाते. एवढ्या एका टिकमुळे पूर्ण साइट गायब असते. त्यानंतर रोबोट्स फाइल बघा; गूगलला कुठे यायला मनाई आहे ते तिच्यात लिहिलेलं असतं. डोमेनपुढे तिरकी रेघ देऊन तिचं नाव, रोबोट्स डॉट टीएक्सटी, इंग्रजी अक्षरांत टाकलं की ती ब्राउझरमध्येच उघडते. तिच्यात सगळ्यांसाठी ‘डिसअलाऊ’ आणि पुढे नुसती तिरकी रेघ असेल, तर पूर्ण दार बंद आहे.

सर्च कन्सोल ‘पाहिलं पण नोंदवलं नाही’ असं सांगत असेल तर तांत्रिक दोष शोधत बसू नका. बहुतेक वेळा त्या पानावर दोन ओळी आणि एक फोटो असतो, किंवा तोच मजकूर दहा पानांवर फिरवलेला असतो. ‘नोंदणीची विनंती’ हे बटण पुन्हा पुन्हा दाबून त्या पानाचा क्रम पुढे सरकत नाही.

याच ठिकाणी एक धोक्याची खूण. साइट शब्दाच्या शोधात तुमच्या डोमेनखाली जपानी अक्षरं, औषधांची नावं किंवा तुम्ही कधीच न बनवलेली शेकडो पानं दिसली, तर साइट हॅक झाली आहे. चोरीच्या, म्हणजे ‘नल्ड’, थीमवर उभारलेल्या साइटींत हे वरचेवर सापडतं. इथे थांबा. पानं एकेक करून खोडू नका, कारण मागचं दार उघडंच राहतं आणि ती परत येतात. सर्व्हरची साफसफाई येणाऱ्या माणसाला बोलवा. सर्च कन्सोलमधले सुरक्षा आणि मॅन्युअल कारवाईचे (म्हणजे नियम मोडल्याबद्दल गूगलने केलेल्या शिक्षेचे) दोन अहवालही आत्ताच उघडून पाहा, एक मिनिटाचं काम आहे.

४. पानावर अक्षरं आहेत का?

प्रश्न विचित्र वाटेल, पण आपल्याकडच्या साइटींचा हा सगळ्यात नेहमीचा आजार आहे. फ्लेक्ससाठी डीटीपीवाल्याने केलेली जेपीईजी तशीच वेबसाइटवर चढवलेली असते. नाव, भाव, पत्ता, वैशिष्ट्यं, सगळं चित्रात. माणसाला वाचता येतं, पण गूगलसाठी त्या पानाचा मजकूर म्हणजे जवळजवळ कोरा कागद. चित्रातली अक्षरं मजकुरासारखी धरली जातील या भरवशावर राहू नका.

दुसरा प्रकार जुन्या फॉन्टचा. कृतिदेव, श्री-लिपी, शिवाजी अशा युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर पडद्यावर मराठी दिसतो, आत मात्र इंग्रजी अक्षरांचा काला असतो. तपासणी सोपी: पानावरचं एक वाक्य बोटाने निवडा, कॉपी करा आणि व्हॉट्सअ‍ॅपमध्ये पेस्ट करा. मराठी आलं तर युनिकोड आहे. निवडताच आलं नाही तर चित्र आहे. कचरा आला तर जुना फॉन्ट आहे. मराठी आलं असेल तर पुढे जा, बाकीच्या दोन्हींत सगळा मजकूर युनिकोडमध्ये पुन्हा टाइप करून घ्या. परिवर्तक मिळतात, पण जोडाक्षरं आणि रफार तपासल्याशिवाय तसंच चढवू नका.

मग शब्द कुठले, हा प्रश्न. आपण पायताण म्हणतो, पुण्याचं गिऱ्हाईक ‘कोल्हापुरी चप्पल’ टाकतं आणि बरेच जण इंग्रजी अक्षरांत टाकतात. गूळ कोणी दीर्घ लिहितं, कोणी ‘गुळ’ असं ऱ्हस्व, आणि शहरातले खूप जण ‘जॅगरी’ शोधतात. तुमचे गिऱ्हाईक काय टाकतात ते सर्च कन्सोलच्या यादीत लिहिलेलं असतं, अंदाज करायची गरज नाही. मराठी आणि इंग्रजी गिऱ्हाईक दोन्ही असेल तर दोन भाषांची दोन वेगळी पानं करा आणि एकमेकांची भाषिक आवृत्ती म्हणून जोडा. एकाच पानावर सगळ्या स्पेलिंगांची जत्रा भरवणं म्हणजे शब्द कोंबणं, आणि गूगल ते ओळखतो.

शीर्षक बघा. ब्राउझरच्या टॅबवर दिसतं ते. बऱ्याच साइटींचं शीर्षक नुसतं ‘होम’ असतं, नाहीतर ‘जगात भारी’. अभिमान रास्त आहे, पण गिऱ्हाईक तो शब्द टाकून चप्पल शोधत नाही. ‘कापशी कोल्हापुरी चप्पल, हाताने शिवलेली’ आणि पुढे दुकानाचं नाव, असं शीर्षक द्या. लांब झालं तर निकालात कापलं जातं, म्हणून कामाचे शब्द आधी.

मेटा कीवर्ड, म्हणजे पानाच्या कोडमधली शब्दांची यादी, भरून देतो म्हणून कोणी पैसे मागत असेल तर देऊ नका. तो टॅग क्रमांकासाठी वापरत नाही, असं गूगलने २००९ मध्येच जाहीर केलं आहे.

५. तो काय सांगतो जे आपण सांगत नाही?

इथे घाई करू नका, खरा फरक बहुतेक वेळा याच ठिकाणी सापडतो. दोन्ही पानं शेजारी उघडा. कागदावर एक रकाना गिऱ्हाइकाच्या प्रश्नांचा करा आणि प्रत्येक प्रश्नाला त्याच्या पानावर उत्तर आहे का, आपल्या पानावर आहे का, ते लिहा. चपलांसाठी प्रश्न साधारण असे: चामडं कुठलं, तळ किती थरांचा, शिलाई हाताची की यंत्राची, माप कसं घ्यायचं, नवीन चप्पल चावते तर काय करायचं, पावसात चालते का, भाव किती, पोचायला किती दिवस, माप चुकलं तर बदलून मिळते का. कापशी, कचकडी, बक्कलनाली, पुकरी हे प्रकार एकाच पानावर फोटोखाली नुसती नावं लिहून ठेवले असतील आणि समोरच्याने प्रत्येकाला स्वतंत्र पान दिलं असेल, तर ‘कापशी चप्पल’ या शोधाला त्याचंच पान येणार. त्यात गूढ काही नाही.

२०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातल्या कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातल्या बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर या आठ जिल्ह्यांसाठी. अधिकृत वापरकर्ता म्हणून तुमची नोंद असेल तर ती पानावर स्पष्ट लिहा. नसेल तर नुसता लोगो चिकटवू नका.

कारखानदाराचा प्रकार वेगळा. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या किती तरी फाउंड्रींच्या साइटवर ‘आम्ही आघाडीचे उत्पादक आहोत, गुणवत्ता हेच आमचं ध्येय’ एवढंच असतं. खरेदी अधिकारी ते शोधत नाही. तो एफजी २६० किंवा एसजी ४००/१५ असा ओतीव लोखंडाचा ग्रेड टाकतो. त्याला एका नगाचं कमीत कमी आणि जास्तीत जास्त वजन, मोल्डिंगची पद्धत, महिन्याची टनांतली क्षमता, मशिनिंग घरात होतं का, तपासणीची कुठली साधनं आहेत आणि प्रमाणपत्र कधीपर्यंत वैध आहे, हे हवं असतं. ही माहिती तुमच्या कोटेशनमध्ये आधीपासून लिहिलेली असते. पानावर आणा, बस्स.

एक अट मात्र आहे. त्या शोधाचं पूर्ण पहिलं पान नजरेखालून घाला. सगळीकडे मोठी ऑनलाइन बाजारपेठ आणि विकिपीडिया असेल, तर गूगलच्या मते त्या शब्दाला एका दुकानाचं पान हवंच नाही. नुसत्या ‘कोल्हापुरी चप्पल’ या शब्दासाठी डोकं आपटण्यापेक्षा ‘पुरुषांची कापशी चप्पल १० नंबर’ असा अरुंद शब्द धरा. शोधणारे कमी, पण घेणारे जास्त.

समोरच्याचा मजकूर उचलून शब्द इकडे-तिकडे करायचा मोह होतो. एआयकडून एका रात्रीत दोनशे पानं लिहून घ्यायचाही होतो. मार्च २०२४ पासून गूगलच्या नियमांत असा घाऊक निरुपयोगी मजकूर स्पॅम म्हणून स्पष्ट नोंदवलेला आहे, मग तो यंत्राने लिहिलेला असो की माणसाने.

६. तारखेनंतर पडलात?

सर्च कन्सोलचा आलेख उघडा आणि पडण्याची तारीख शोधा. मग त्या आठवड्यात साइटवर काय झालं ते आठवा, डिझायनरलाही विचारा. नव्याने साइट बांधली असेल तर नव्याण्णव टक्के शंका तिथेच घ्या. जुन्या पानांचे पत्ते बदलले आणि जुन्यावरून नव्यावर कायमचं वळण, म्हणजे ३०१, दिलं नाही, की वर्षानुवर्षं कमावलेली पत जुन्या पत्त्याबरोबर जाते. जुने पत्ते वेबॅक मशीनवर (जुन्या साइटींच्या प्रती ठेवणारी साइट) आणि सर्च कन्सोलच्या पानांच्या यादीत मिळतात. त्यांची दोन रकान्यांची यादी करा, जुना पत्ता आणि त्याच्या जागचा नवा. सगळ्यांना मुख्यपानावर वळवून मोकळं होऊ नका. कापशीच्या पानाचं वळण कापशीच्याच पानावर हवं.

साइटला हात लावलेला नसेल तर गूगलच्या सर्च स्टेटस डॅशबोर्डवर कोअर अपडेटच्या, म्हणजे क्रमांक लावण्याच्या पद्धतीतल्या मोठ्या बदलांच्या, तारखा बघा. जुळल्या तर तांत्रिक बिघाड शोधू नका, त्यात सापडण्यासारखं काही नसतं. पाचवी तपासणी पुन्हा करा आणि थांबा, फरक दिसायला काही महिने लागू शकतात.

७. वेग

दोन्ही पानं पेजस्पीड इनसाइट्समध्ये, म्हणजे गूगलच्या वेग मोजण्याच्या साधनात, टाका. मोबाइलचे आकडे बघा, कारण गूगल साइट मोबाइलच्याच नजरेने वाचतो. मुख्य भाग २.५ सेकंदांच्या आत दिसावा, बोट लावल्यावर २०० मिलिसेकंदांच्या आत प्रतिसाद यावा आणि पान उघडताना मजकूर उड्या मारू नये, म्हणजे तो आकडा ०.१ च्या आत असावा.

वेगाला क्रमांकात स्थान आहे, पण लहान. दोन पानं सारख्याच तोलाची असतील तर तो उपयोगी पडतो. समोरच्याचे आकडे तुमच्यापेक्षा वाईट असूनही तो वर असेल, तर कारण वेग नाही. इथे एक रुपयाही घालू नका. दुरुस्ती करायचीच असेल तर फोटोंपासून करा. फोनच्या कॅमेऱ्यातून आलेला चार-पाच एमबीचा फोटो १२०० पिक्सेल रुंदीला आणून वेबपी स्वरूपात साठवला की साधारण दीडशे-दोनशे केबीत बसतो. होस्टिंग बदलण्याआधी एवढं करून बघा.

८. लिंका

सगळ्यात अवघड आणि सगळ्यात हळू, म्हणून शेवटी. दुसऱ्या साइटींनी आपल्याकडे बोट दाखवलं की गूगल त्याला पत समजतो. बिंग वेबमास्टर टूल्स फुकट आहे आणि त्यात आपल्या साइटच्या लिंका स्पर्धकाच्या लिंकांशेजारी ठेवून पाहता येतात. संख्या मोजू नका, यादी वाचा. वृत्तपत्राने त्याच्यावर लिहिलंय का, तो उद्योजक संघटनेच्या सभासद यादीत आहे का, त्याच्या पुरवठादाराच्या साइटवर विक्रेता म्हणून नाव आहे का, प्रदर्शनाच्या सहभागींत आहे का. यातली जी जागा तुम्हालाही हक्काने मिळते ती मागून घ्या. सभासद तुम्हीही असता, फक्त यादीत वेबसाइटचा पत्ता भरलेला नसतो.

दोन हजारांत पाचशे बॅकलिंक देणाऱ्याला दाराबाहेरूनच परत पाठवा. लिंका विकत घेणं गूगलच्या नियमाविरुद्ध आहे, आणि घेतलेल्या बहुतेक नुसत्या दुर्लक्षित होतात. तो ‘डीए’ (डोमेन अथॉरिटी) म्हणून जो आकडा दाखवतो, तो एका खासगी कंपनीचा अंदाज आहे, गूगल तो वापरत नाही. लिंका नाकारण्याच्या साधनालाही मॅन्युअल कारवाईची नोटीस आल्याशिवाय हात लावू नका, चांगल्या लिंका स्वतःच्या हाताने जातील.

कुठे थांबायचं आणि कोणाला बोलवायचं

साइट हॅक झाली असेल, मॅन्युअल कारवाईची नोटीस असेल, प्रोफाइल निलंबित होऊन पहिलं अपील फेटाळलं गेलं असेल, किंवा शेकडो पानांचं दुकान नव्या व्यवस्थेवर हलवायचं असेल, तर घरचा प्रयोग करू नका. डोमेनच डिझायनरच्या नावावर निघालं तरी आधी ते सोडवा. ते आपल्या नावावर आणल्याशिवाय कुठल्याही दुरुस्तीवर खर्च करणं म्हणजे भाड्याच्या भिंतीला रंग देणं.

वरच्या सगळ्या तपासण्या करून, दुरुस्त्या करून चार महिने झाले आणि सर्च कन्सोलमधला त्या एका शब्दाचा क्रमांक जागचा हलला नाही, तरी माणूस बोलवायला हरकत नाही. केलेल्या सुधारणांचा परिणाम दिसायला साधारण चार महिने ते वर्ष लागतं, असं गूगलच सांगतो, त्यामुळे त्याआधी बोलवून उपयोग नाही.

बोलवल्यावर त्याच्या हातात पहिल्या तपासणीचा कागद द्या आणि काय बदलणार, कुठल्या पानावर, का, हे लेखी मागा. पहिल्या क्रमांकाची हमी देणाऱ्याला तिथेच नमस्कार करा. तशी हमी कोणीच देऊ शकत नाही, असं गूगलने स्पष्ट लिहून ठेवलंय. सर्च कन्सोलमध्ये त्याला वापरकर्ता म्हणून जोडा, मालक म्हणून नाही. होस्टिंगचा पासवर्ड काम संपल्यावर बदला. आणि त्याने हात लावण्याआधी साइटची पूर्ण प्रत स्वतःच्या पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या.